बंद लखोट्यापलीकडे : जागल्या आणि त्याला मिळणारा कायद्याचा आधार

एखाद्या संस्थेत काम करताना किंवा तिच्याशी निकटचा संबंध असताना तिथला गैरव्यवहार ध्यानात आला आणि तो योग्य यंत्रणेच्या नजरेस आणून दिला, की असे करणाऱ्या माणसासाठी मराठी वृत्तपत्रांनी अलीकडच्या काळात ‘जागल्या’ हा शब्द रुळवला आहे. ‘व्हिसलब्लोअर’ या इंग्रजी शब्दात शिट्टी फुंकण्याची क्रिया आहे, मराठी शब्दात जागे राहण्याची. जुन्या गावगाड्यातला जागल्या म्हणजे रात्री गस्त घालणारा गावचा राखणदार, आणि खानदेशासारख्या भागात या नावाचे राखणदार इंग्रजी अमदानीच्या दप्तरातही आढळतात. त्याला जागे राहण्यासाठी गावानेच नेमलेले असे, त्या कामाचा मोबदला ठरलेला असे, आणि मध्यरात्री त्याने आरोळी ठोकली तर झोपमोड केल्याचा ठपका त्याच्यावर येत नसे. आजच्या जागल्याच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. त्याला कोणी नेमलेले नसते, पगार मिळतो तो वेगळ्याच कामाचा मिळतो, आणि ज्यांच्याविरुद्ध आरोळी ठोकायची ते लोक त्याच वाड्यात, बहुधा वरच्या मजल्यावर, बसलेले असतात. म्हणूनच ‘जागल्या’ हा शब्द वृत्तपत्रांत प्रतिष्ठित झाला तरी कचेरीत त्याच माणसाला चहाडखोर, फितूर किंवा घरभेदी म्हटले जाते, आणि या दोन शब्दसंग्रहांमधल्या अंतरातच या विषयातले बहुतेक कायदेशीर प्रश्न दडलेले आहेत.

कायद्याच्या भाषेत या कृतीला ‘लोकहितार्थ प्रकटन’ म्हणता येईल. सार्वजनिक हिताला बाधक ठरणारी आणि सहसा बाहेर न येणारी माहिती, ती खरी असल्याचा वाजवी विश्वास बाळगून, कारवाई करू शकेल अशा अधिकाऱ्याकडे किंवा संस्थेकडे सोपवणे, असा त्याचा थोडक्यात अर्थ होतो. यातला ‘वाजवी विश्वास’ हा भाग महत्त्वाचा आहे, कारण आरोप शेवटपर्यंत सिद्ध करण्याची जबाबदारी प्रकटन करणाऱ्यावर टाकली, तर ज्याच्या हाती तपासाचे कोणतेही अधिकार नाहीत त्याच्याकडून तपास यंत्रणेचे काम अपेक्षिल्यासारखे होईल. २०१० मध्ये आर. के. जैन यांच्याविरुद्धच्या न्यायालयीन अवमानाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जागल्या या संकल्पनेची चर्चा करताना, संस्थेत चाललेल्या गैरप्रकाराबद्दल आवाज उठवणारी व्यक्ती, असाच तिचा व्यापक अर्थ घेतला होता.

भारतीय कायद्याला माहिती देणारा माणूस अपरिचित होता असे मात्र नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील कलम १२५ नुसार गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नव्हती, आणि सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्यांबाबत हेच संरक्षण महसूल अधिकाऱ्यालाही होते. सीमाशुल्क चुकवून आणलेला माल पकडून देणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धतही सरकारी व्यवहारात चांगलीच मुरलेली आहे. म्हणजे प्रजेविषयी सरकारला बातमी देणारा खबऱ्या कायद्याला मान्य होता आणि प्रियही होता. सरकारविषयी प्रजेला बातमी देणाऱ्यासाठी मात्र १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम होता. स्वातंत्र्यानंतर सत्ता बदलली, पण नोकरशाहीच्या वर्तणूक नियमांमध्ये ही जुनी विभागणी टिकून राहिली. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे नियम घ्या किंवा महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ घ्या, अधिकाराशिवाय शासकीय माहिती बाहेर देणे हे दोन्हींत गैरवर्तन आहे.

या विषयातला कदाचित सर्वांत जुना कायदेशीर प्रसंग अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातला आहे, आणि त्याची आठवण येथे केवळ इतिहास म्हणून करायची नाही. ‘वॉरन’ या युद्धनौकेवरील काही खलाशांनी आणि अधिकाऱ्यांनी नौदलप्रमुख एसेक हॉपकिन्स याच्या वर्तनाविरुद्ध काँटिनेंटल काँग्रेसकडे तक्रार केली. हॉपकिन्सने त्यांतल्या सॅम्युअल शॉ आणि रिचर्ड मार्व्हन या दोघांवर अब्रुनुकसानीची कारवाई केली आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. ३० जुलै १७७८ रोजी काँग्रेसने ठराव केला, की सार्वजनिक सेवेतल्या गैरवर्तनाची खबर लवकरात लवकर देणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. त्याच वेळी या दोघांच्या बचावाचा वाजवी खर्च सरकारने सोसावा असेही ठरवले, आणि पुढच्या वर्षी त्यापोटी १,४१८ डॉलर दिले गेले. कर्तव्याची घोषणा कोणतीही सभा करू शकते. त्या काँग्रेसचे शहाणपण दुसऱ्या भागात आहे: जागल्यावरचा पहिला हल्ला बहुधा न्यायालयाच्याच मार्गाने येतो आणि तेव्हा त्याला सर्वांत आधी वकील आणि वकिलाची फी लागते, हे तिने ओळखले होते. भारतातील कायद्याचा गेल्या दोन दशकांतला प्रवास पाहिला, तर नेमकी हीच बाजू सर्वांत कमकुवत राहिलेली दिसते.

भारतात या चर्चेला गती मिळाली ती सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूमुळे. त्याआधी डिसेंबर २००१ मध्ये न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपला १७९ वा अहवाल याच विषयावर दिला होता आणि सोबत विधेयकाचा मसुदाही जोडला होता. परंतु अहवालांच्या नशिबी जे बहुधा येते तेच त्याच्याही आले. दुबे हे कानपूरच्या आयआयटीतून उत्तीर्ण झालेले अभियंता. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामावर झारखंडमधील कोडरमा येथे ते राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात प्रतिनियुक्तीवर होते. कंत्राटांमधील अनियमितता आणि कामाचा निकृष्ट दर्जा यांविषयी त्यांनी नोव्हेंबर २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले. पत्रावर सही न करता आपली ओळख पटवणारा तपशील त्यांनी वेगळ्या कागदावर दिला आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र त्या वेगळ्या कागदासह मंत्रालयाकडे आणि तेथून प्राधिकरणाकडे रवाना झाले. नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना तिच्यावर शेरे वाढत गेले, म्हणजेच ते नाव वाचणारे डोळेही वाढत गेले. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गया येथे दुबे यांची गोळी झाडून हत्या झाली. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासानुसार ती लूटमारीच्या प्रयत्नातून झाली, आणि २०१० मध्ये न्यायालयाने तिघांना जन्मठेप ठोठावली. या निष्कर्षाविषयी तेव्हाही मतभेद होते. पण पत्र आणि हत्या यांच्यातला दुवा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या कार्यालयाकडे विश्वासाने गुपित सोपवले त्याने ते जपले नाही, आणि या चुकीला कायद्यात नावही नव्हते, शिक्षाही नव्हती.

हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाच्या दबावाखाली केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी लोकहितार्थ प्रकटन व माहीतगार संरक्षण ठराव अधिसूचित केला. त्यानुसार केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचे अधिकार मिळाले. केंद्र सरकार, त्याचे सार्वजनिक उपक्रम आणि केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या संस्था एवढ्याच या ठरावाच्या कक्षेत येतात. तक्रारीची रीत मोठी नमुनेदार आहे. तक्रार बंद लखोट्यात पाठवायची, लखोट्यावर ती लोकहितार्थ प्रकटनाखाली असल्याचे ठळकपणे लिहायचे, पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता बाहेर कोठेही द्यायचा नाही; आत मात्र तो द्यायचा, कारण निनावी तक्रार स्वीकारली जात नाही. आयोग तक्रारीची पोच देत नाही आणि पुढचा पत्रव्यवहार न करण्याचा सल्ला देतो, हेतू हा की पोचपावतीच्या पाकिटावरूनही नाव फुटू नये. छळ होत असेल तर तक्रारदाराला आयोगाकडे दाद मागता येते.

दुबे यांच्या पत्राचे जे झाले ते पुन्हा होऊ नये या चिंतेतून ही सारी रचना झाली आहे, आणि ती चिंता रास्तच आहे. परंतु एका प्रकरणाची जखम बरी करताना सगळा विषयच लखोट्याच्या आकाराचा होऊन बसला. ओळख लपली की संरक्षण झाले, असे ही रचना गृहीत धरते. प्रत्यक्षात जागल्याचे नाव बहुतेक वेळा मजकूरच सांगतो. अमुक कामाच्या मोजमाप पुस्तकातल्या तमुक पानावरची नोंद मागाहून बदलली, असे तक्रारीत लिहिले असेल, तर ते पान पाहू शकणारे संपूर्ण कार्यालयात तिघेचौघेच असतात, आणि त्यांतला नेमका कोण गेल्या महिन्यात साहेबांशी वाद घालीत होता हे शिपायालाही ठाऊक असते. तक्रारदाराने लखोटा पाठवण्याआधी आपल्या वरिष्ठाकडे तोंडी किंवा लेखी हरकत नोंदवली असेल, आणि सरळमार्गी माणूस आधी तेच करतो, तर लखोट्याला लपवण्यासारखे काही उरतच नाही.

यापुढचा टप्पा म्हणजे जागल्या संरक्षण अधिनियम, २०१४. त्याचे विधेयक ऑगस्ट २०१० मध्ये लोकसभेत मांडले गेले, डिसेंबर २०११ मध्ये तिथे आणि २१ फेब्रुवारी २०१४ रोजी राज्यसभेत संमत झाले, आणि ९ मे २०१४ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. मात्र अधिनियम अमलात येण्याची तारीख केंद्र सरकारने राजपत्रात वेगळ्या अधिसूचनेने जाहीर करायची होती, आणि ती अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. संसदेने संमत केलेला कायदा पुस्तकात आहे आणि व्यवहारात नाही, अशी ही चमत्कारिक अवस्था आहे. परिणामी २००४ चा तात्पुरता म्हणून आलेला ठरावच आजही कामाला येतो.

तरीही हा अधिनियम बारकाईने वाचण्यासारखा आहे. भ्रष्टाचाराचा गुन्हा, सरकारला दाखवता येण्याजोगे नुकसान करणारा अधिकाराचा जाणूनबुजून केलेला गैरवापर आणि लोकसेवकाने केलेला फौजदारी गुन्हा, यांविषयी कोणताही लोकसेवक किंवा अन्य कोणतीही व्यक्ती, स्वयंसेवी संस्थासुद्धा, प्रकटन करू शकते. शासकीय गुपिते अधिनियमात काहीही असले तरी ते करता येते, असे मूळ अधिनियमात स्पष्ट म्हटले आहे. घटनेला सात वर्षे उलटून गेल्यावर आलेली तक्रार मात्र तपासली जाणार नाही. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, तर जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि तीस हजार रुपयांपर्यंत दंड. सर्वांत मोलाची तरतूद कलम ११ मध्ये आहे. तक्रारदाराचा छळ झाल्याचा प्रश्न उपस्थित झाला, तर केलेली कारवाई सूडबुद्धीची नव्हती हे दाखवण्याची जबाबदारी संबंधित प्राधिकरणावर राहील, असे ते कलम सांगते. यालाच शाबितीचा भार उलटवणे म्हणतात. दिवाणी असो वा सेवाविषयक, सर्वसाधारण दाव्यात जो आरोप करतो त्याने तो शाबीत करायचा असतो. इथे ज्याच्या हाती नस्त्या, शेरे आणि हजेरीपट आहेत त्यानेच आपला हेतू स्वच्छ असल्याचे दाखवायचे आहे. असे असूनही छळ म्हणजे काय याची व्याख्या या अधिनियमात दिलेली नाही, ही उणीव नजरेआड करता येत नाही.

२०१५ मध्ये आलेल्या दुरुस्ती विधेयकाने या अधिनियमाला बराचसा आतून पोखरण्याचा प्रयत्न केला. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात माहिती नाकारण्याची जी कारणे आहेत त्यांच्या धर्तीवर माहितीचे दहा प्रकार प्रकटनातून वगळायचे, आणि शासकीय गुपिते अधिनियमाखालील कारवाईपासूनचे संरक्षणही काढून टाकायचे, असे त्यात होते. माहिती मागणाऱ्या नागरिकाला कागद नाकारण्याची कारणे आणि गुन्ह्याची माहिती सक्षम अधिकाऱ्यालाच देणाऱ्याला अडवण्याची कारणे एकच कशी असू शकतात, याचे समाधानकारक उत्तर त्या वेळी मिळाले नाही. विधेयक लोकसभेत दोन दिवसांत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले, आणि २०१९ मध्ये लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले.

खरा प्रश्न लखोट्याबाहेर सुरू होतो, कारण जागल्यावरचा सूड क्वचितच बेकायदेशीर रूपात येतो. धमक्या आणि हत्या यांची बातमी होते. बदली, निलंबन, विभागीय चौकशी, गोपनीय अहवालातला एक थंड शेरा, रोखलेली बढती किंवा निवृत्तीच्या तोंडावर दिलेले दोषारोपपत्र यांची होत नाही. यातले प्रत्येक शस्त्र नियमांनीच वरिष्ठांच्या हाती दिलेले आहे आणि त्याचा वापर ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दांनी झाकता येतो. तेव्हा जागल्याला उपयोगी पडणारा कायदा नेहमीच जागल्यांचा कायदा म्हणून ओळखला जात नाही. महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण आहे. महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५ असे लांबलचक नाव असलेल्या कायद्याने एका पदावरचा कालावधी सर्वसाधारणपणे तीन वर्षांचा ठरवला. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल-मे महिन्यांत व्हाव्यात, आणि मध्येच बदली करायची तर कारणे लेखी नोंदवून वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असे बंधन त्याने घातले. या कायद्यात जागल्याचा उल्लेखही नाही. तरीही ऑक्टोबरमध्ये अचानक गडचिरोलीचा आदेश हाती पडलेल्या लेखाधिकाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या तोंडी असलेल्या ‘मॅट’मध्ये, उभे राहण्यासाठी त्याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. तिथे त्याला शासनाचा हेतू वाईट होता हे शाबीत करावे लागत नाही, लेखी कारणे नव्हती किंवा मान्यता नव्हती एवढे दाखवले तरी चालते. (गडचिरोलीची बदली ही शिक्षा समजली जाते, यात गडचिरोलीच्या रहिवाशांवर जो अन्याय आहे तो वेगळ्या ग्रंथाचा विषय.)

निलंबनाचेही तसेच. निलंबन ही शिक्षा नाही असे सेवाविषयक कायदा सांगतो. पण निम्म्या वेतनाइतक्या निर्वाह भत्त्यावर घर चालवणाऱ्याला आणि सोसायटीच्या जिन्यात शेजाऱ्यांच्या नजरा चुकवणाऱ्याला हा भेद पटणे अवघड आहे. अजय कुमार चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले, की तीन महिन्यांत दोषारोपपत्र बजावले गेले नाही तर निलंबन पुढे चालू ठेवता कामा नये. सुडाने केलेल्या निलंबनात दोषारोप शोधायलाच वेळ लागत असल्याने हा निकाल जागल्यांना अनेकदा वाचवतो. अर्थात त्यासाठी तो निकाल ठाऊक असलेला वकील वेळेवर भेटावा लागतो.

खासगी क्षेत्रात परिस्थिती आणखी विषम आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ नुसार सूचीबद्ध कंपन्या, जनतेकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून पन्नास कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्या यांना अंतर्गत दक्षता यंत्रणा उभारणे बंधनकारक आहे, आणि अपवादात्मक प्रसंगी तक्रारदाराला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट पोचण्याची सोय हवी. मात्र छळ झालाच तर कंपनीबाहेर कोणापुढे आणि कोणत्या मुदतीत दाद मागायची याविषयी कायदा मौन बाळगतो. महाराष्ट्रात १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने सूडबुद्धीने केलेली बडतर्फी ही अनुचित प्रथा ठरवली आणि औद्योगिक व कामगार न्यायालयांना ती रोखण्याचे अधिकार दिले. पण त्याचा लाभ कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्यालाच. व्यवस्थापकीय किंवा उच्च पर्यवेक्षी काम करणारा अधिकारी तीत बसत नाही, आणि खोटे ताळेबंद, बनावट चाचणी अहवाल किंवा दुहेरी बिले नेमकी याच अधिकाऱ्याच्या टेबलावरून जातात. ज्याला संरक्षण आहे त्याला कागद दिसत नाही, आणि ज्याला कागद दिसतो त्याच्या हाती राहतो तो फक्त करारभंगाचा दिवाणी दावा. भांडवली बाजारापुरता सेबीने २०१९ पासून वेगळा रस्ता काढला असून आतल्या माहितीच्या आधारे होणाऱ्या व्यवहारांची खबर देणाऱ्याला बक्षिसाची तरतूद केली आहे.

या विषमतेचे बोलके उदाहरण रॅनबॅक्सी या औषध कंपनीचे आहे. हिमाचल प्रदेशातील पाँवटा साहिब आणि मध्य प्रदेशातील देवास येथील कारखान्यांशी निगडित औषध चाचण्यांच्या आकडेवारीतला खोटेपणा कंपनीतले अधिकारी दिनेश ठाकूर यांच्या लक्षात आला आणि २००५ मध्ये नोकरी सोडल्यावर त्यांनी सुरुवातीला टोपणनावाने अमेरिकी औषध प्रशासनाला तो कळवला. २००७ मध्ये त्यांच्या वकिलांनी अमेरिकेच्या ‘फॉल्स क्लेम्स अॅक्ट’खाली दावा दाखल केला. सरकारला फसवून पैसे लाटणाऱ्याविरुद्ध सरकारच्या वतीने नागरिकाला दावा करू देणारा हा कायदा १८६३ चा, यादवी युद्धात लष्कराला सडका माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांसाठी केलेला. दावा प्रथम सीलबंद राहतो, सरकार चौकशी करून त्यात सामील व्हायचे की नाही ते ठरवते, आणि वसुली झाल्यास दावा करणाऱ्याला साधारणपणे १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. शिवाय नोकरीत सूड उगवला गेला तर पुनर्नियुक्ती, थकीत वेतनाची दुप्पट रक्कम आणि वकिलाचा खर्चही मागता येतो. मे २०१३ मध्ये कंपनीने दोष कबूल करून ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले आणि ठाकूर यांना सुमारे ४.८ कोटी डॉलर मिळाले. इथेही लखोटा बंदच होता, तोही जवळपास सहा वर्षे. परंतु तो न्यायालयाच्या ताब्यात होता आणि तक्रारदाराच्या बाजूला वकील होता. कंपनी भारतातली, कारखाने भारतातले, तक्रारदार भारतीय वंशाचा, आणि कायद्याचा आधार मात्र मेरीलँडच्या न्यायालयातला. बक्षिसाचे तत्त्व भारताने जसेच्या तसे उचलावे का, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. वकिलाच्या खर्चाचे तत्त्व उचलायला मात्र कोणाची हरकत असावी असे वाटत नाही.

वृत्तपत्राकडे जाणे हा जागल्याचा शेवटचा आणि सर्वांत जोखमीचा मार्ग. काक्रापार अणुवीज प्रकल्पातील एका कर्मचाऱ्याने प्रकल्पातल्या घटनेची माहिती वृत्तपत्राला दिली. त्याबद्दल झालेल्या शिक्षेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा २०१३ मध्ये न्यायालयाने त्याला जागल्याचे संरक्षण नाकारले आणि वृत्तपत्राकडे केलेले प्रत्येक प्रकटन लोकहितार्थ मानता येत नाही असा पवित्रा घेतला. एप्रिल २०१९ मध्ये, राफेल विमान खरेदीच्या पुनर्विलोकन याचिकांत, वृत्तपत्रात छापून आलेली संरक्षण खात्याची कागदपत्रे विचारात घेण्यास त्याच न्यायालयाने मान्यता दिली. दोन्ही निर्णय एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते: बाहेर आलेला कागद न्यायालय पाहील, पण तो बाहेर आणणाऱ्या हाताचे काय होईल याची हमी देणार नाही.

म्हणून कायदेशीर साहाय्याचा विचार तक्रार झाल्यानंतर होणाऱ्या बचावापुरता ठेवणे अपुरे ठरते. जागल्याच्या बहुतेक चुका, ज्यांची किंमत त्याला पुढे मोजावी लागते, तक्रारीच्या आधीच होऊन गेलेल्या असतात. कागदांच्या प्रती कशा घेतल्या, मूळ नस्ती घरी नेली का, कार्यालयाच्याच संगणकावरून मजकूर पाठवला का, तक्रार दक्षता आयोगाकडे करायची होती की लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे की लोकायुक्तांकडे, आणि तीत ऐकीव गोष्टी स्वतः पाहिलेल्या म्हणून लिहिल्या गेल्या का, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढे तो साक्षीदार ठरतो की आरोपी, हे अवलंबून असते. कार्यालयातली नस्ती घरी नेलेल्या माणसावर चोरीचा गुन्हा नोंदवणे किती सोपे आहे, हे सांगायला नको. चांगल्या वकिलासोबतचा एक तास या टप्प्यावर जे वाचवतो ते पुढे पाच वर्षांच्या खटल्यानेही भरून येत नाही. शिवाय अशिलाने वकिलाला सांगितलेले गुपित त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास पुराव्याचा कायदा वकिलाला मनाई करतो, आणि हे संरक्षण १८७२ पासून न्यायालयांनी जपले आहे; त्या अर्थी जागल्याच्या दृष्टीने वकिलाची खोली कोणत्याही सरकारी लखोट्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे.

ब्रिटनच्या १९९८ च्या लोकहितार्थ प्रकटन कायद्याने हे नेमके हेरले. विधी सल्ला घेण्यासाठी वकिलाला केलेले प्रकटन हेदेखील त्या कायद्यात संरक्षित प्रकटन आहे, म्हणजे वकिलाशी बोलल्याबद्दल कोणाला नोकरीवरून काढता येत नाही. आणि काढलेच, तर सात दिवसांच्या आत अर्ज करून अंतरिम दिलासा मागता येतो. तेथे १९९३ पासून एक धर्मादाय संस्था केवळ अशा कर्मचाऱ्यांना मोफत विधी सल्ला देण्याचे काम करीत आहे. भारताच्या २०१४ च्या अधिनियमात अंतरिम आदेशाची तरतूद आहे, परंतु वकिलाला केलेल्या प्रकटनाचा उल्लेख नाही. त्यामुळे वर्तणूक नियमांचा काटेकोर अर्थ लावणारा एखादा चौकशी अधिकारी वकिलाला दाखवलेल्या नस्तीच्या प्रतीलाही माहितीची अनधिकृत देवाणघेवाण म्हणू शकतो. मोफत विधी साहाय्याची गोष्टही अशीच अर्धवट राहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाखालील नागरिक यांचा समावेश आहे, आणि तो योग्यच आहे. पण पगारदार लिपिक किंवा कनिष्ठ अभियंता उत्पन्नाच्या त्या मर्यादेवर असतो, आणि उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे रिट याचिका चालवण्याच्या ऐपतीच्या खाली. त्याच्या विरुद्ध बाजूस मात्र सरकारी वकील असतो, ज्याची फी अखेर करदाताच भरतो, म्हणजे काही अंशी तो स्वतःच.

यातला शेवटचा आणि सर्वांत अवघड भाग जिवाच्या संरक्षणाचा. १३ जानेवारी २०१० रोजी पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथे सकाळच्या फेरफटक्याला निघालेल्या सतीश शेट्टी यांची हत्या झाली. माहिती अधिकाराचा वापर करून त्यांनी जमिनींचे गैरव्यवहार उघडकीस आणले होते. ते कोणत्याही कार्यालयाचे कर्मचारी नव्हते, म्हणजे कागद आतून पाहणाऱ्या जागल्याच्या रूढ व्याख्येत ते काटेकोरपणे बसत नाहीत. तरी त्यांनी पत्करलेला धोका त्याच जातीचा होता. मुंबई उच्च न्यायालयाने या हत्येची स्वतःहून दखल घेतली. पुढे ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली आणि संसद कायदा करीपर्यंत हीच योजना कायदा म्हणून लागू राहील असे सांगितले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही राज्यांना अशी योजना अधिसूचित करण्यास सांगितले आहे. धोक्याचे मूल्यमापन, पोलीस बंदोबस्त, गरज पडल्यास स्थलांतर आणि नवी ओळख, असे उपाय या योजनेत आहेत. मात्र ती ठरावीक गंभीर गुन्ह्यांतील साक्षीदारासाठी आहे, आणि साक्षीदार होण्यासाठी आधी गुन्हा नोंदवला जावा लागतो. लखोटा पोचल्यापासून गुन्हा नोंदवला जाईपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षेही, जातात. त्या काळात तक्रारदार ना साक्षीदार असतो, ना पीडित, आणि त्याच्यासाठी जो अधिनियम लिहिला गेला तो राजपत्रातल्या एका तारखेची वाट पाहत आहे.